झाकून ठेवलेला प्रिंटर

गटांच्या भेटीला गेलो की एक दृश्य आम्हाला हमखास दिसतं. कुठे अध्यक्षताईंच्या घरी, कुठे समाजमंदिराच्या कोपऱ्यात, टेबलावर एक प्रिंटर असतो. कुणी देणगीत दिलेला, कुणी गटाच्या नफ्यातून घेतलेला. त्याच्यावर विणलेला रुमाल, रुमालावर हिशेबाच्या वह्या. विचारलं की उत्तर येतं, "तो बिघडलाय ताई." खोदून विचारलं की कळतं, चांगला चालत असतानाच तो झाकून ठेवला होता. वर्षभरानं कुणीतरी सुरू करून पाहिला, तर कोरा कागद बाहेर आला. मग पुन्हा रुमाल.

आमच्या खडकीच्या खोलीतही असाच एक होता. आमची खोली बाजाराजवळ आहे. मावळातल्या गटांच्या बायका कामशेत, वडगाव, तळेगावहून लोकलनं येतात, खडकी स्टेशनला उतरतात. इंद्रायणी तांदळाची पाकिटं, नाचणीचे पापड, मसाले, असा माल असतो. पाकिटांची लेबलं आमच्या प्रिंटरवर निघायची. ती काढायची एक मुलगी. बाकी कुणी यंत्राला हात लावत नव्हतं, आणि तिनंही कधी लावू दिला नव्हता. तिचं लग्न झालं, ती साताऱ्याकडे गेली, आणि दीड वर्ष प्रिंटर तसाच राहिला. दिवाळीच्या आधी लेबलं हवी होती. बाहेर रंगीत प्रिंटचे एका पानाला दहा रुपये पडत होते, आणि दर वेळी तारीख बदलली की नवं पान. एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर झाकणही न उघडता सांगितलं, "हा गेला, नवीन घ्या." नवीन म्हणजे दहा-बारा हजार. एवढ्या पैशात एका बाईला शिलाई मशीनसाठी अंतर्गत कर्ज देता येतं.

त्यामुळे आम्ही ठरवलं की आधी आपण पाहू. आमच्या शेजारी एक काका राहतात, इथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत फिटर होते. ब्रिटिशांनी १८६९ मध्ये काढलेला हा कारखाना, खडकीत प्रत्येक गल्लीत त्याचा एखादा निवृत्त कामगार सापडतो आणि प्रत्येकाला यंत्राबद्दल मत असतं. काकांनी प्रिंटर काही दुरुस्त केला नाही, त्यांना त्यातलं कळतही नव्हतं. पण ते म्हणाले, "उघडण्याआधी आवाज ऐका. आवाज बरोबर असेल तर यंत्र जिवंत आहे." ते खरं निघालं. सुरू केल्यावर आतला गाडा डावीकडून उजवीकडे सरकला, कागद आत ओढला गेला, दिवा हिरवा राहिला. म्हणजे मोटर ठीक, रोलर ठीक. फक्त शाई उतरत नव्हती.

शाई का उतरत नाही, हे एकदा समजलं की बाकी सगळं सोपं जातं, म्हणून ते जरा सावकाश सांगतो.

आपण ज्याला शाईचा प्रिंटर म्हणतो त्याचं नाव इंकजेट. त्याच्या हेडला, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाला, शेकडो भोकं असतात, केसापेक्षाही बारीक. त्यांना नोझल म्हणतात. काही प्रिंटरमध्ये नोझलमागे एक छोटा तापणारा ठिपका असतो. तो क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा फुटतो आणि थेंब बाहेर उडतो. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा उडतो, तसंच. ही युक्ती सापडली तीही गमतीशीर आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीत एका संशोधकाची तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली, आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. दुसऱ्या जातीच्या प्रिंटरमध्ये उष्णता नसते, वीज दिली की वाकणारा एक बारीक तुकडा शाईला ढकलतो. एपसनचे प्रिंटर या जातीचे.

शाई म्हणजे बहुतांश पाणी. त्यात रंग, आणि लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखा थोडा द्रव. यंत्र पडून राहिलं की पाणी उडून जातं आणि रंग नोझलच्या तोंडाशी घट्ट होतो. शेतात ठिबक असेल तर हे तुम्हाला सांगायलाच नको. हंगाम संपल्यावर नळ्या न धुता गुंडाळून ठेवल्या की पुढच्या वर्षी ड्रीपर बंद. नळी फेकून देतो का आपण? धुतो, मोकळी करतो. इथेही तेच करायचं, फक्त भोकं फार बारीक असल्यामुळे हात हलका हवा.

सुरुवात बाहेरून करायची. प्लग काढा. झाकण उघडून टॉर्चनं आत बघा. आमच्या यंत्रात कागदाच्या ट्रेमध्ये पालीची दोन अंडी आणि एक बस पास निघाला. दुसऱ्या एका गटाच्या प्रिंटरमध्ये झुरळांनी वायरीजवळ घर केलं होतं. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढायची. ट्रेमधला जुना कागद काढून टाका, पावसाळ्यात त्यानं ओल धरलेली असते आणि तो दोन-दोन मिळून आत जातो. कागद ओढणारे रबरी रोलर गुळगुळीत झाले असतील तर किंचित ओल्या फडक्यानं पुसा, मग वाळू द्या. कागद घेत नाही ही अर्धी तक्रार एवढ्यानंच मिटते.

आता प्लग लावा, नवा कागद घाला. संगणक जोडायची घाई नको. वर झेरॉक्सची काच असलेला प्रिंटर असेल तर आधी नुसती कॉपी काढून बघा. कॉपी निघाली आणि संगणकावरून निघत नसेल, तर दोष प्रिंटरचा नाही, संगणकातल्या ड्रायव्हरचा किंवा केबलचा आहे. यात लोक फार पैसे घालवतात.

मग नोझल चेकचं पान काढायचं. बहुतेक यंत्रांत एखादं बटण दाबून धरून ते निघतं, ते कोणतं हे सोबतच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर यंत्राच्या नावानं मोबाईलवर शोधा. या पानावर चार रंगांच्या बारीक रेघांच्या पायऱ्या असतात. जिथे रेघ तुटलेली, तिथलं नोझल बंद. चार रंग म्हणजे काळा, पिवळा, निळसर आणि गुलाबी. छापलेलं चित्र हिरवट आलं तर गुलाबी उतरत नाही, लालसर आलं तर निळा, जांभळट आलं तर पिवळा. हे पान तारीख घालून जपून ठेवा. पुढचं प्रत्येक पान त्याच्याशी ताडून बघायचं आहे.

इथून पुढे तुमचा प्रिंटर कोणत्या प्रकारचा आहे त्यावर रस्ता बदलतो.

पहिला प्रकार, डबीचा. एचपी आणि कॅननच्या अनेक स्वस्त प्रिंटरमध्ये दोन कार्ट्रिज असतात, एक काळी, एक तिरंगी, आणि नोझल त्या डबीलाच खाली बसवलेली असतात. म्हणजे डबी बदलली की हेडच नवं मिळतं. त्यामुळे हा प्रिंटर कायमचा मरणं कठीण. डबी काढा. खालच्या बाजूला सोनेरी रंगाची पट्टी आणि तांब्याचे ठिपके दिसतील. ठिपक्यांना बोट लावायचं नाही, तिथून डबी यंत्राशी बोलते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं घ्या, चष्मा पुसायच्या फडक्यासारखं, धागे न सुटणारं. त्याची घडी बशीत ठेवून डबीची नोझलची बाजू त्यावर दोन-तीन मिनिटं अलगद टेकवा. घासू नका. उचलून बघा. काळ्या डबीची एक रेघ उमटली, तिरंगीच्या तीन वेगळ्या रेघा उमटल्या, की वाट मोकळी होतेय. नाही उमटली तर फडकं बदलून पुन्हा. चार-पाच वेळा करूनही कोरडंच राहिलं तर डबी आत सुकली आहे किंवा रिकामी आहे. तिच्यासाठी अजून दिवस घालवू नका.

पाणी नळाचं नको, बोअरचं तर अजिबात नको. त्यातल्या क्षारानं घरातल्या हंड्याला काय होतं ते आपण बघतोच, मग केसाहून बारीक भोकाचं काय होईल? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीच्या दुकानात स्वस्त मिळतं. मात्र त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच डब्यात असतं, म्हणून चिठ्ठी वाचून घ्या आणि मुलांच्या हातून मागवू नका.

दुसरा प्रकार, टाकीचा. बाजूला शाईच्या चार टाक्या, बाटलीनं भरायच्या. हेड यंत्राच्या आत, टाकीपासून हेडपर्यंत बारीक नळ्या. आमचा हाच होता. यात आधी टाकीतली पातळी बघा. खालच्या खुणेच्या खाली शाई गेली असेल तर नळीत हवा शिरते, आणि मग कितीही साफ करा, रंग तुटकच येतो. खुणेच्या वर शाई भरा, त्याच कंपनीची, बाटलीवरची तारीख बघून. रंग अदलाबदल झाला तर तो परत काढणं फार जिकिरीचं आहे, म्हणून आम्ही एकीला बाटली धरायला आणि दुसरीला टाकीवरचा रंग मोठ्यानं वाचायला लावतो. हसू येतं, पण चूक होत नाही.

मग यंत्राची स्वतःची सफाई चालवायची, हेड क्लीनिंग. यात यंत्र काय करतं? उजव्या कोपऱ्यात एक रबरी टोपी असते, हेड तिच्यावर जाऊन बसतं आणि खालचा छोटा पंप नोझलमधून शाई ओढून काढतो. ओढलेली शाई जाते कुठे? यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये. म्हणजे प्रत्येक सफाईला आपली शाई खर्च होते आणि स्पंज भरत जातो. तो भरला की यंत्र काम थांबवतं आणि दुकान गाठावं लागतं. हे ठाऊक नसल्यानं बायका उत्साहानं दहा-पंधरा वेळा सफाई चालवतात, टाकी अर्धी होते आणि रेघा तशाच. दोन-तीन वेळाच करा. प्रत्येक वेळेनंतर नोझल चेकचं पान काढा. सुधारणा थांबली की बटणानं बंद करून रात्रभर तसंच सोडून द्या. ताजी शाई नोझलच्या मागे येऊन उभी राहते आणि आतली घट्ट शाई रात्रीतून मऊ करते. तवा जळला की आपण पाणी घालून ठेवून देतो, सकाळी तो हातानंच सुटतो, तसं.

आमच्या यंत्राचं पहिल्या दिवशी काळ्याचं पान जवळजवळ कोरं होतं. दुसऱ्या सकाळी निम्म्या रेघा आल्या. पुन्हा दोन सफाया, पुन्हा रात्र. तिसऱ्या दिवशी काळा पूर्ण, गुलाबीच्या दोन रेघा तुटलेल्या. चौथ्या दिवशी त्याही आल्या. एवढ्या चार दिवसांत कुणी एकही स्क्रू उघडला नाही. कामशेतच्या एका मावशींनी, ज्यांनी आधी "मला नको, शॉक बसेल" म्हटलं होतं, चौथं पान स्वतः काढलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं, घरी दाखवायला.

काही गोष्टी मात्र करू नका, कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी. नोझलमध्ये टाचणी, सुई घालायची नाही. तोंडानं फुंकायचं नाही. रॉकेल, थिनर वापरायचं नाही, उकळतं पाणी ओतायचं नाही. प्लग चालू असताना गाडा हातानं ओढायचा नाही. बाजारात हेड साफ करायचे द्रव मिळतात, पण आम्ही अजून त्यांच्या वाटेला गेलो नाही, पाण्यानं आणि धीरानं भागलं.

आता विजेचं. गावाकडे हेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. प्रिंटर बटणानं बंद केला की हेड जाऊन त्या रबरी टोपीवर बसतं आणि नोझलची तोंडं झाकली जातात. भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं किंवा छापता छापता वीज गेली, तर हेड मध्येच उघडं राहतं. उन्हाळ्यात आठ दिवस असं उघडं राहिलं की शाई वाळलीच समजा. तेव्हा आधी यंत्राचं बटण दाबायचं, दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबायचं, मग भिंतीवरचं. वीज अचानक गेली असेल तर आल्यावर यंत्र एकदा सुरू करा, हेड आपोआप जागेवर जातं, मग बटणानं बंद करा. आम्ही हे एका कागदावर लिहून भिंतीवरच्या बटणाशेजारीच चिकटवलंय, कारण चूक तिथेच होते.

आणि यंत्र चालतं ठेवायचं तर आठवड्याला एक रंगीत पान हवं. फुकट पान कशाला घालवायचं? गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक आहेच. आमच्या हजेरीच्या कागदावर आता वर चार रंगांची एक बारीक पट्टी आहे. दर आठवड्याला हजेरी छापली की चारही रंग वाहतात. हजेरी छापायची पाळी प्रत्येक वेळी वेगळ्या बाईची, आणि ती नावानिशी वहीत लिहिलेली असते. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. आता सहा जणींना नोझल चेकचं पान काढता येतं आणि वाचता येतं. त्यातल्या दोघी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत.

लेबलांबद्दल दोन शब्द, कारण प्रिंटर त्यासाठीच तर हवा होता. खाण्याच्या पाकिटावर वजन, बनवल्याची तारीख, बॅच नंबर, शाकाहारीची हिरवी खूण आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर लागतो. यातली तारीख आणि बॅच दर वेळी बदलते, म्हणून छापखान्यात हजार लेबलं एकदम छापून घेणं परवडत नाही. पण शाई पाण्यात विरते का हे आधी बघा. लेबल छापा, रात्रभर वाळू द्या, सकाळी ओलं बोट फिरवा. बऱ्याच टाकीच्या प्रिंटरमध्ये काळी शाई टिकाऊ असते आणि रंगीत पसरते. तसं असेल तर नंबर आणि तारखा काळ्यात घ्या, वर पारदर्शक टेप लावा. लेबल नेहमी पाकिटाच्या बाहेर, शाईचा कागद पापडाला लागता कामा नये. आणि अर्धी स्टिकर काढलेला कागद पुन्हा यंत्रात घालू नका. उरलेलं स्टिकर आत रोलरला चिकटतं, आणि मग खरंच दुकानात जावं लागतं.

कधी सोडून द्यायचं? डबीच्या प्रिंटरला नवी डबी घालूनही पान कोरं आलं, तर पुढे खर्च करू नका. टाकीच्या प्रिंटरला चार-पाच दिवस पाण्यासारखे दिले आणि एखादा रंग अजिबात हलला नाही, तर हेड बदलायचा खर्च विचारा. तो नव्या यंत्राच्या निम्म्याच्या वर जात असेल तर आमच्या मते नाही म्हणावं. स्पंज भरल्याचा संदेश असेल तर मात्र घाबरू नका, तो बदलता येतो आणि बाकी यंत्र चांगलं असतं. दुकानात जाताना तारखा घातलेली सगळी नोझल चेकची पानं सोबत न्या, खर्चाचा अंदाज आधी कागदावर घ्या, बदललेला जुना भाग परत मागा. पानं पुढे ठेवली की "हा गेला" म्हणायच्या आधी माणूस झाकण तरी उघडतो. आणि खर्च किती करायचा हे दुकानात उभं राहून ठरवू नका, बैठकीत ठराव करून, रक्कम लिहून मग जा. खरंच निकामी झालेलं यंत्र किंवा रिकाम्या डब्या उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर मुळीच नका. तो ई-कचरा आहे, तो घेणाऱ्यांकडेच द्यायचा.

तुमच्या गटाचा प्रिंटर झाकलेला असेल तर येत्या बैठकीला रुमाल काढा. आमच्याकडे दाखवायला यायचं असेल तर यंत्र उचलून आणू नका. टाकीचा प्रिंटर जीपमध्ये आडवा झाला तर शाई आत सांडते, लोकलमध्ये तर गर्दीत विचारायलाच नको. नोझल चेकचं पान आणि यंत्राच्या मागच्या चिठ्ठीचा मोबाईलवर काढलेला फोटो, एवढं पुरतं. पान वाळल्यावर घडी घाला, नाहीतर रेघा पुसट होतात आणि कोणता रंग बंद आहे ते कळत नाही.